बदक दमलंय

नाही नाही, त्या खुर्चीवर नको, तिचा एक पाय डुगडुगतो — ही घ्या. हो, आहेत लहानच. या वर्गात मोठ्या माणसाची खुर्ची एकच आणि तिच्यावर वर्षभराचे कागद बसलेत. बसा आजोबा, गुडघे हनुवटीला टेकले तरी काही होत नाही. पाच वर्षांची तीस मुलं रोज बसतात यांच्यावर, एकही तक्रार करत नाही, तक्रार घेऊन नेहमी आजोबा येतात. तुम्हाला नाही म्हणत. म्हणजे, तुम्हालाही म्हणतेय, पण एकट्याला नाही. तुम्हाला तर बोलावून घेतलंय — मोठ्या बाईंनी फोन केला ना सकाळी? काय म्हणाल्या? ‘एक छोटीशी सही आहे’? वाटलंच मला. मोठ्या बाईंच्या जगात सगळ्या सह्या छोट्याशाच असतात.

हा घ्या कागद. वाचा निवांत, मी तोवर हे तक्ते उतरवते. परवापासून सुट्टी लागतेय आणि भिंती रिकाम्या करून द्यायच्या असतात — का ते विचारू नका, भिंती काही सुट्टीत गावाला जाणार नाहीत, पण नियम आहे. तर कागदात एवढंच म्हटलंय की वर्गातली सगळी मुलं आता पहिलीत जाणार आणि तुमची नात याच वर्गात आणखी एक वर्ष बसणार, आणि त्याला घरच्यांची हरकत नाही. तुमची सून दिवसभर कामावर, मुलगा परगावी, म्हणजे घरचे म्हणजे तुम्हीच. एकोणतीस पुढे, एक मागे. एक वर्ष म्हणजे काय मोठंसं, असं मोठ्या बाई म्हणतात. साठीला टेकल्यावर एक वर्ष काहीच वाटत नसेल. भुंगी पाच वर्षांची आहे, तिच्या आख्ख्या आयुष्याचा पाचवा हिस्सा झाला तो — भुंगी म्हणजे तुमची नात हो. वर्गात हेच म्हणतात तिला. माहीत नव्हतं? ‘म’ शिकवला ना मी, ओठ मिटून म्म्म्म असा, त्या दिवसापासून ही डबा उघडताना म्म्म्म, चपला घालताना म्म्म्म, नळाखाली हात धुताना म्म्म्म. तिच्या शेजारची मुलगी रडत आली माझ्याकडे, बाई, हिच्या पोटात भुंगा शिरलाय. तेव्हापासून भुंगी. आत्ता बाहेर वाळूत बसलीय, मावशी आहेत तिच्यापाशी, काळजी करू नका.

तुम्ही शिकवता का हो तिला घरी? मान हलवताय म्हणजे शिकवता. सगळेच शिकवतात. तेच तर दुखणं आहे माझं. म्हणजे बघा, मी इथे घसा फोडून सांगते की अक्षराला आवाज असतो, मुलाला आधी तो आवाज ऐकू दे, तोंडात घोळवू दे — ‘स’ ताणता येतो, ‘र’ ताणता येतो, ‘क’ आणि ‘ट’ मात्र टिचकीसारखे, वाजले की संपले — मग वाळूत बोटाने काढू दे, मग दोन आवाज शेजारी ठेव, जवळ आण, आणखी जवळ आण, चिकटले की झाला शब्द. एवढंच आहे ते फोनिक्स, ज्याच्या नावाने तुम्ही सगळे नाकं मुरडता. आणि मूल घरी गेलं की सोफ्यावर आजी-आजोबा तयारच, पेपराची घडी घालून. बस इथे. म्हण, क कमळाचा. एका आजींनी नातवाला हे इतकं पक्कं करून पाठवलं की मी त्याला ‘कप’ वाचायला दिला तर तो म्हणाला ‘कमळपतंग’. क कमळाचा, प पतंगाचा, झालं की, कमळपतंग. त्या मागे दारात उभ्या, तोंडावर हे एवढं कौतुक. मी म्हटलं, आजी, कमळपतंगातून चहा पिता का तुम्ही? तर त्या दुसऱ्या दिवशी मोठ्या बाईंकडे गेल्या. माझी पहिली तक्रार ती. एकूण अकरा झाल्या वर्षभरात, मोठ्या बाईंनी मोजून ठेवल्यात.

मोठ्या बाईंचं तर विचारूच नका. चाळीस वर्षं शिकवलंय त्यांनी, हे त्या दिवसातून दोनदा सांगतात, म्हणजे मला या वर्षात चारशे वेळा तरी कळलंय. पहिल्या आठवड्यात दारात येऊन उभ्या राहिल्या — मुलं ‘स’चा आवाज काढत होती, तीस मुलं, स्स्स्स — म्हणाल्या, वर्ग आहे की सापांचं वारूळ? मुलं खूश. मी नाही. मी म्हटलं, बाई, याला शास्त्र आहे, मी दोन वर्षं हेच शिकून आलेय. तर म्हणाल्या, आम्हाला कुठे कोणी असले आवाज काढून शिकवलं, आम्ही नाही का वाचायला शिकलो? शिकलात ना. म्हणून तर तुमच्या पिढीच्या हातात कागद दिला की कागदाकडे बघत नाही, देणाऱ्याच्या तोंडाकडे बघता आणि विचारता, काय लिहिलंय ते सांगा थोडक्यात. — हे मी त्यांना म्हटलं नाही. मनात म्हटलं. पण माझ्या मनातलं माझ्या चेहऱ्यावर येतं, असं माझी आई म्हणते, आणि त्या दिवशी बहुधा सविस्तर आलं असावं. कारण त्याच दुपारी त्यांनी मला बोलावून अट घातली. एक वर्ष. वर्षाच्या शेवटी बाहेरचे तपासणीवाले येतील, त्यांच्यापुढे मुलांनी वाचून दाखवायचं. वाचलं, तर फोनिक्स राहील आणि माझी नोकरी कायम होईल. नाही वाचलं, तर पुढच्या वर्षी क कमळाचा आणि मी घरी.

तर ते झालं गेल्या गुरुवारी. तपासणी. त्यात तुमची नात — आता वाईट वाटून घेऊ नका, मी स्पष्ट बोलते — तुमची नात अडखळली. एकोणतीस मुलं घडाघडा म्हणत होती, आणि ही मध्येच... वाचत होती. घडाघडा वाचत होती, असं म्हणायचंय मला. मी काय म्हणाले? म्हणत होती म्हणाले? तेच ते. वाचणं म्हणजे शेवटी मोठ्याने म्हणणंच की. आणि ही तिसऱ्या रांगेत बसून एकेक अक्षर चघळतेय. सगळ्यांचं संपलं तरी हिचं चालूच. मग कोणालाही वाटणारच की हिला येत नाही. त्यात पंधरा दिवस घरी, कांजिण्या. नेमक्या त्याच पंधरा दिवसांत आमची तयारी झाली, ती चुकली तिची, म्हणून — तयारी म्हणजे सराव. एक तक्ता घ्यायचा आणि तो रोज चार वेळा वाचायचा. तोच. हो, तोच तक्ता, रोज तोच. पंधरा दिवस. का? घोकंपट्टी? घोकंपट्टी कोण म्हणालं? मी सराव म्हणाले. फरक असतो, आजोबा. घोकंपट्टीत मुलांना कळत नाही काय म्हणतोय ते. आमच्या मुलांना सगळं कळत होतं. बदक होतं त्यात. ‘बदक उठलं. बदक निघालं. बदक पळालं.’ न कळण्यासारखं काय आहे?

आणि मला सांगा, काय करायला हवं होतं मी? तीस मुलं, एक मी. त्यातली दहा वाचायला लागली होती, अगदी खरी वाचायला लागली होती, दहा अर्ध्यावर, दहांना अजून ‘ब’ आणि ‘व’ यांच्यातली रेघ दिसत नव्हती — होतं असं, पाचव्या वर्षी होतं, आणखी सहा महिने दिले असते तर आपोआप बसलं असतं. पण तपासणी काही सहा महिने थांबत नाही. मोठ्या बाई रोज दारात येऊन विचारायच्या, बसलं का? काय बसलं का? मूल म्हणजे काय पिठलं आहे, गुठळ्या मोडल्या का, बसलं का? तर मी बसवलं. जे तुम्ही सगळे मला सांगत होता तेच केलं, एकदा, फक्त पंधरा दिवस, तुमच्याच पद्धतीने, तुमच्याच नाकावर टिच्चून. म्हटलं, एकदा कायम झाले की मग बघते, पुढच्या वर्षीपासून एक अक्षर कोणाला पाठ करू देणार नाही.

काय म्हणालात? नाही, ऐकू नाही आलं, हा भिंतीवरचा तक्ता फाटताना आवाज झाला. भुंगी घरी काय म्हणाली?

परत सांगा.

बदक दमलंय. असं म्हणाली? फक्त एवढंच, की आणखी काही — ‘बाईंना सांगितलं बदक दमलंय, तर बाई रागावल्या’. हं. कधी म्हणाली? गुरुवारीच. आणि मग जेवली नाही.

बरं. दार लावते हं जरा.

आजोबा, या बदकाचे तक्ते दोन आहेत. हा बघा एक, आणि हा दुसरा. चित्र एकच आहे, आमच्या चित्रकलेच्या सरांना एकच बदक येतं, ते त्यांनी दोनदा काढून दिलं — तेच पिवळं बदक, तोच पंख, तीच चोच, मान डावीकडे. खाली मी लिहिलंय. पहिल्यावर ‘बदक उठलं, बदक निघालं, बदक पळालं’. दुसऱ्यावर ‘बदक दमलं, बदक बसलं, बदक झोपलं’. पहिला सकाळचा, दुसरा संध्याकाळचा, अशी माझी कल्पना होती, तेव्हा मला कल्पना सुचायच्या. दुसरा कधी भिंतीला लागलाच नाही, वेळच आली नाही त्याची. दोन्ही गुंडाळ्या कपाटात शेजारी शेजारी. गुरुवारी सकाळी मी धावत आले, गुंडाळी काढली, लावली, बदक दिसलं, पुढच्या कामाला लागले. मुलांची नाकं पुसायची होती.

हो. दुसरा लागला.

मग ते तिघं आले. दोन बाई आणि एक साहेब, तिघांच्याही नाकावर चष्मे, तिघांच्याही हातात वह्या, मागे मोठ्या बाई, ठेवणीतली साडी. ते मागच्या भिंतीपाशी बसले, मोठ्या खुर्च्या ऑफिसातून आणल्या होत्या. मी पट्टी घेतली आणि पहिल्या शब्दाखाली ठेवली. आणि एकोणतीस पोरं एका सुरात सुरू झाली — बदक उठलं. पट्टी ‘दमलं’च्या खाली. बदक निघालं. पट्टी ‘बसलं’च्या खाली. बदक पळालं — हे तर ती ओरडूनच म्हणतात, पळालं त्यांना आवडतं — आणि पट्टी कुठे? झोपलेल्या बदकाच्या खाली. आणि मागे चार मोठी माणसं, सगळ्यांची मिळून दीडशे वर्षांची नोकरी, समोर हाताएवढी अक्षरं, काळीकुळकुळीत, मीच काढलेली. एकानेही वाचलं नाही. एकानेही नाही, आजोबा. साहेब मान डोलावत होते. एक बाई तर डोळे मिटून ऐकत होत्या, म्हणाल्या, किती गोड लय आहे. लय. वाचनाची तपासणी करायला आलेली बाई डोळे मिटून बसलीय.

मी? मी पण नाही वाचलं. बघा, किती पटकन विचारलंत. मी मुलांच्या तोंडाकडे बघत होते. एका मुलाचं ‘निघालं’ अडकायचं नेहमी, ते निघतंय की नाही बघत होते.

सगळं संपलं, टाळ्या सुरू झाल्या, आणि त्या टाळ्यांमध्ये तिसऱ्या रांगेतून हा एवढासा आवाज — द. म. लं. दमलं. बोट समोर धरून, एक डोळा बारीक करून, अक्षरावर नेम धरतात तसं. टाळ्या थांबल्या, कारण लोकांना वाटलं काहीतरी राहिलंय. ब. स. लं. मुलं हसायला लागली. शेजारची म्हणाली, ए भुंगे, संपलं. आणि ही थांबेना. झ — झो — ते ‘झो’ तर मी अजून वर्गात शिकवलंही नव्हतं, तो काना आणि डोक्यावरची मात्रा, त्याची फक्त कार्डं केली होती — झो. प. लं. आणि मग उभी राहिली, आणि म्हणाली, “बाई, बदक पळालं नाही. बदक दमलंय.”

तेव्हा मी वळून बघितलं तक्त्याकडे.

आता यात काय करतं माणूस? तुम्ही काय केलं असतंत? तुम्ही आवक-जावक विभागात होता ना तीस वर्षं, भुंगीने सांगितलंय वर्गात, माझे आजोबा कागद आत घ्यायचे आणि बाहेर पाठवायचे. एखादा चुकीचा कागद साहेबाच्या टेबलावर गेला, साहेब तोंडभर हसला, शाबासकी दिली, तर तुम्ही सांगायला गेला असता? थांबा, उत्तर देऊ नका. तुमचं उत्तर काय ते दिसतंय मला चेहऱ्यावर, आणि ते मला आत्ता नकोय. एक मिनिट गेलं असेल. नाही, मिनिट कुठलं, दोन श्वास. मी म्हणू शकले असते, शाब्बास. म्हणू शकले असते, बघा, या वर्गात एक मूल खरंच वाचतं, ते हे. मी म्हणाले, “खाली बस. तुला येत नाहीये.”

ती बसली. साहेब हळूच म्हणाले, प्रत्येक वर्गात एखादं असतंच असं. मोठ्या बाईंनी लगेच वहीत लिहून घेतलं. संध्याकाळी मला म्हणाल्या, त्या मुलीचं काहीतरी करायला हवं, रेकॉर्डवर यायला हवं, नाहीतर आपण लपवलं असं होईल. लपवलं असं होईल, म्हणाल्या. मी जवळजवळ हसले. आणि सोमवारी माझ्या कायम होण्याचं पत्र आलं. त्या ड्रॉवरमध्ये आहे. घरी दाखवलं नाही अजून, आई पेढे — आई उगाच गाजावाजा करते. मला काही वाटत नाही त्याचं. कागद आहे एक.

पण मला एक कळत नाही, आजोबा. सारखं डोक्यात फिरतंय गुरुवारपासून. तो दुसरा तक्ता तिने कधीच पाहिला नव्हता. कोणीच नाही. आणि ‘झो’ मी शिकवला नाही. मग ही वाचली कुठून? कांजिण्यांत पंधरा दिवस अंथरुणात पडलेलं पोर, घरी शिकवायला तुम्ही, म्हणजे क कमळाचा — काय? कसली चिठ्ठी?

ही... ही मी पाठवली होती. त्या ‘झो’च्या वगैरे कार्डांबरोबर, घरी. प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलीत? अहो, ती मी डबा खाताना खरडलेली चिठ्ठी आहे, तीसही घरांना पाठवली होती, एकानेही वाचली नाही, दोघींनी तर मागच्या बाजूला किराणा लिहिला. ‘अक्षराचं नाव सांगू नका, आवाज सांगा. रोज दहाच मिनिटं. चुकली तर उत्तर सांगू नका, थांबा. रागावू नका.’ आणि हे खाली काय — हे तुमचं अक्षर? तारखा? ‘झ, पोचला. झो, तीन दिवस प्रलंबित. चौथ्या दिवशी निकाली.’ प्रलंबित. आजोबा, तुम्ही पाच वर्षांच्या मुलीच्या अक्षरांची आवक-जावक ठेवलीत?

रोज? दहाच मिनिटं? घड्याळ लावून. अकराव्या मिनिटाला तिने हट्ट केला तरी नाही, कारण चिठ्ठीत दहा लिहिलं होतं. आणि ती चुकली की थांबायचात. किती वेळ? एकदा दूध थंड होईपर्यंत. अंगावर फोड, ताप, आणि दोघं एका अक्षरापुढे बसलेत.

मला हसू येतंय, तुम्ही बघू नका माझ्याकडे. डोळ्यांत धूळ गेलीय, हे तक्ते वर्षभर झटकले नाहीत कोणी. म्हणजे काय झालं बघा, मी मला येत असलेलं सोडून तुमचं घोकणं धरलं, आणि तुम्ही तुमचं क कमळाचा सोडून माझं... मला न विचारता. निदान कळवायचं तरी. कळवायचं नाही का माणसाने? आत्ता गेला तासभर मी तुमच्यावर तोंडसुख घेतेय आणि तुम्ही मान हलवताय. सगळी म्हातारी माणसं अशीच, नको तिथे बोलतात आणि —

जाऊ दे. द्या तो कागद इकडे. काही नाही, द्या, परत घेतेय मी तो. द्या म्हणते ना. हे —

ही सही कधी केलीत?

मी पाठमोरी होते तेव्हा. तक्ते उतरवत होते तेव्हा. म्हणजे मी गुरुवारचं काही बोलायच्या आधीच. वाचलात? नाही वाचलात. चष्मा खिशात आहे, मला दिसतोय, खिशातून दांडी बाहेर आलीय. का नाही वाचलात? तीस वर्षं कागद हाताळलेला माणूस, नातीचं एक वर्ष जातंय त्या कागदावर, आणि तुम्ही —

बाईंनी लिहिलंय म्हणजे बरोबरच असणार, म्हणून.

हे मला नका ना म्हणू. शिव्या द्या हवं तर. मोठ्या बाईंकडे जा, बारावी तक्रार करा, तो हक्क आहे तुमचा. असं नका म्हणू की चिठ्ठी पाळली तसा कागदही पाळला. चष्मा लावा. लावा, आजोबा. ही खालची ओळ, ‘वर्गशिक्षिकेचा शेरा’, ती वाचा. मनात नको. बोट ठेवा आणि मोठ्याने वाचा, मी थांबते.

हो. ‘अक्षरओळख नाही. अंदाजाने बोलते.’ हो, अक्षर माझंच. नाही, मोठ्या बाईंनी सांगून लिहून नाही घेतलं, त्या फक्त शेजारी उभ्या होत्या. शब्द माझे. ‘अंदाजाने’ हा तर मी खोडून परत लिहिलाय, बघा, आधी दुसरं काही लिहिलं होतं, ते पुरेसं वाटलं नाही म्हणून. चांगला शब्द मिळेपर्यंत थांबले होते मी. तुम्ही ‘झो’साठी थांबलात, मी याच्यासाठी.

खोडा ती सही. अशी नाही, आडवी रेघ, आणि बाजूला छोटी सही आणि तारीख, हे मी तुम्हाला सांगायचं का? हं. आता पेन द्या. माझा शेराही जातोय. आणि खाली लिहितेय — बघा, मोठ्याने वाचतेय, तुम्ही ऐका — ‘ही मुलगी वाचते. तपासणीच्या दिवशी भिंतीवर चुकीचा तक्ता लागला होता. तो फक्त हिने वाचला. बाकी मुलं पाठ केलेलं म्हणत होती. पाठ मी करून घेतलं.’ सही. तारीख. हे मी मोठ्या बाईंच्या टेबलावर ठेवणार नाही, ठेवलं की त्या न वाचता फाइलला लावतील. समोर उभी राहून वाचून दाखवीन. आणि ते झालं की पहिलीच्या यादीत हिचं नाव घालायला लावीन, त्याशिवाय त्या खोलीतून हलणार नाही. माझं काय ते माझं मी बघते. पत्र आलंय तसं जाईल. नाही, तुम्ही यायचं नाही बरोबर. नको. कृपा करा, मला सोबत नकोय, मला कोणी पाठीवर हात ठेवला की मी गडबडते.

घ्या, चिठ्ठी ठेवा तुमची. तुमचीच आहे ती आता. भुंगीला मी नंतर... नाही. आत्ताच येते बाहेर, तिला सांगते. काय सांगते म्हणजे? सांगते की बदक दमलं होतं. सांगते की बाईंनी बघितलं नव्हतं, आणि मग बघितलं, आणि मग... बघते काय सांगायचं ते. तुम्ही चिंता करू नका, पाच वर्षांच्या मुलांशी बोलता येतं मला. मोठ्यांशीच येत नाही.

उठा, सावकाश, भिंतीला धरा. अजून काय? विचारा की, उभं राहून काय बघताय भिंतीकडे.

बाकीच्या एकोणतीस जणांचं काय?

बाकीच्या... ती जातील पहिलीत, यादी लागलीय. तिथे दुसरं पुस्तक असेल. तिथल्या बाई बघतील की, त्यांना कळेलच एक-दोन दिवसांत की ही... सुट्टीत घरी कोणी बसवलं तर... आणि त्यातली दहा खरंच वाचत होती, मी पाठ करून घ्यायच्या आधी वाचत होती, म्हणजे आता पण... म्हणजे मी नंतर विचारलं नाही कोणाला सुट्टं, एकट्याला, पण...

शाळा सुटलीय, आजोबा. मुलगी बाहेर वाट बघतेय. जा तुम्ही.